दारावरून जाणारी शर्यत

पूस लागला की भंडाऱ्यात दोन गोष्टी ठरलेल्या. वैनगंगेवरून धुकं उठून थेट आमच्या अंगणात येऊन बसतं, आणि चौकाचौकात मॅरेथॉनचे फलक लागतात. धुक्याचं काही नाही. फलकाचा मात्र मला धसका आहे. परवा भाजी घेऊन येत होते, तर गांधी चौकात हा एवढा मोठा फलक. त्यावर एक पाय हवेत उचललेला तरुण, दात दाखवून हसतोय. आता धावताना कोणी हसतं का, तुम्हीच सांगा. ही शर्यत सुरू झाल्यापासून माझ्या दारावरून जाते आहे. धापा टाकणारे पाहिले, रडकुंडीला आलेले पाहिले, नालीच्या काठाशी बसून ओकणारे पाहिले. हसणारा एकही नाही. घरी येऊन पाहते तर मेथीची जुडी हातात घट्ट धरून धरून पार चुरगळलेली.

आमचं घर कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शर्यत मैदानातून निघते, आमच्या फाटकासमोरून पुलाकडे जाते आणि तिथून वळून त्याच रस्त्यानं परत येते. म्हणजे धावणारा प्रत्येक माणूस मला दोनदा दिसतो. लोकांना वाटतं, काय नशीब आहे, घरबसल्या तमाशा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. या धावणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ असतो, दिवाकर. तो एकदा समोरून गेला की परत दिसेपर्यंतचा वेळ मी कसा काढते, ते माझं मला माहीत. आमचे हे पितळी भांड्यांचं दुकान चालवतात आणि जगातली कुठलीही गोष्ट अंगाला लावून घेत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हिले चिंता करायले काही नाही भेटलं, त त्याचीच चिंता करते." खोटं नाही ते.

ही शर्यत निघाली ती सकाळी तलावाभोवती फिरणाऱ्या चार मंडळींच्या डोक्यातून. मोठ्या शहरांत होते, मग आपल्याकडे का नको, असं कोणीतरी म्हणालं असेल. नाव ठेवलं मॅरेथॉन, आणि अंतर पुलापर्यंत जाऊन येण्याचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण आमच्या लोकांना त्याचं काही नव्हतं. धान घरात आलेलं, चुरणे म्हणजे मळणी आटोपलेली, माणसं मोकळी. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांना बोलावणी जातात, दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि दारात आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही हा एकच नियम. लोकांनी ही शर्यतही मंडईच धरली. रस्त्यावरच्या घराघरांनी सोयरे बोलावले, अंगणात सडे टाकले, पोह्यांच्या कढया चढवल्या. धावणारा आला की लोक त्याचा हात धरत. "अरे, दोन घास खाऊन जा ना बापू. येवढ्या घाईनं कुठं जाऊन राहिला?" पोरंही आपल्या इकडचीच. मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? बशी हातात घेऊन उभी राहत, घाईघाईनं गिळत, आणि मग पोट धरून पळत. लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्लेला एक जण तर परतीच्या वाटेवर आमच्याच ओट्यावर आडवा झाला. शर्यत भरवणाऱ्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

त्या पहिल्या वर्षी दिवाकर सगळ्यांच्या पुढे होता. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात कुठलासा जुना बनियन. मी फाटकात पाण्याचा गडवा घेऊन उभी. पुलाकडे जातानाच तो थांबला, आत आला. मी म्हटलं, "पळ, मागचे येऊन राहिले." हा आपला पायरीवर बसून सावकाश पाणी पितोय, भाऊजी कुठं गेले म्हणून विचारतोय. मागचे दोघं फाटकासमोरून निघूनसुद्धा गेले. यानं गडवा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बहिणीच्या दारावरून तसाच गेलो, त लोकाईले काय तोंड दाखवू बाई?" मी त्याला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. पहिला नंबर गेला तो गेलाच. पुढच्या वर्षापासून माईकवाला त्याला चिडवू लागला, "दिवाकरभाऊ बहिणीकडे चहा घेऊन सवडीनं येतील." दिवाकर चिडला नाही. दरवर्षी थांबला मात्र.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्या थांबण्यात. सांगते. आमचं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं. शाळा, देऊळ, बोडी म्हणजे आमचं तळं, आंब्याची झाडं, सगळं. दिवाकरनं कोंढ्याजवळ घर बांधलं, थोड्या बांध्या घेतल्या, धान लावू लागला. बाकीच्या बायका माहेरी जातात. मी कुठे जाणार? धरणाच्या काठावर उभं राहून पाण्याकडे बोट दाखवणार? मला माहेर म्हणून उरलं ते एवढंच, हा एक माणूस. वर्षातून एकदा तो धुक्यातून धापा टाकत येतो, पायरीवर बसून पाणी पितो आणि निघून जातो. तसा तो एरवीही येतो, राखीला येतो, तांदूळ घेऊन येतो. पण धावत फक्त तेव्हाच येतो. आणि माझा जीव त्या धावण्यात अडकलेला आहे.

रोज सकाळी तो नहराच्या, म्हणजे धरणाच्या कालव्याच्या, रस्त्यानं पळतो. धरणानं गाव घेतलं अन् पळायले सपाट रस्ता दिला, असं स्वतःच म्हणतो आणि हसतो. मला नाही हसू येत.

हळूहळू शर्यत मोठी झाली. नागपूरचे, गोंदियाचे धावणारे येऊ लागले. साकोलीहून पहिल्या बसनं पोरी यायच्या, सोबत मफलर गुंडाळलेले बाप. एकसारखे टी-शर्ट आले, छातीवर नंबर आले, बुटाला बांधायची चिप आली. मैदानावर सकाळी सकाळी कानठळ्या बसतील अशी गाणी, आणि ती गाणी धुक्यातून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. पोह्यांवर बंदी आली. त्याऐवजी केळी आणि कागदी पेल्यात पाणी. आमच्या शेजारच्या बाईंनी ती बंदी कधीच मानली नाही, त्या अजूनही केळीवाल्यांच्या नाकावर टिच्चून चहा देतात. मध्ये ती रोगाची वर्षं आली तेव्हा शर्यत भरलीच नाही. वाटलं, चला, एक पूस तरी सुखाचा जाईल. कुठलं काय, तेव्हा भ्यायला दुसरंच होतं.

पण माझ्या मनात हिवाळा म्हटलं की एकच हिवाळा येतो. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, ऐन धानाच्या रोवण्यात, चिखलात उभ्या असलेल्या दिवाकरच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, हृदयात स्प्रिंग टाकली. वाचला. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू सगळं सुरू करा. मी सगळं म्हणजे आंघोळ, देऊळ, फार तर शेतावर एक चक्कर असं समजले. यानं त्यात मॅरेथॉन धरली.

दसऱ्याला मंदाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन, "बाई, हे नहरावर चालून राहिले." बरं झालं, चालू दे. दिवाळीनंतर पुन्हा, "बाई, आता थोडं थोडं पळून राहिले." आणि मग एक दिवस, "बाई, शर्यतीत नाव देऊन आले." मी तिथल्या तिथे त्याला फोनवर घेतलं. "मरायचं आहे काय तुले?" शब्द तोंडातून गेला आणि मी स्वतःच्याच तोंडावर मारून घेतलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. तो म्हणाला, "बाई, पळणं सोडलं त मी बिमार होईन." मी म्हटलं, मग आता काय आहेस? त्यावर तो हसला आणि फोन मंदाच्या हातात दिला.

तो पूस मला अजून अंगावर आठवतो. तीळ भाजायला घेतले की ते तडतडायचे आणि मी दचकायची. फोन वाजला की हातातलं भांडं सुटायचं. सकाळी धुक्यात दूधवाल्याची सायकल खडखडली तरी वाटायचं, कोणीतरी काहीतरी सांगायला आलं. उन्हात बसलं तर ऊन लागायचं नाही. शेजारणी पापड लाटायला बसल्या की बोलता बोलता कोणाचा तरी कोण कसा बसल्या बसल्या गेला हे सांगायच्या, आणि मी उठून घरात जायची. माणसाला हृदय असतं हे एरवी कुठे ध्यानात असतं? त्या महिन्यात मला रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचं दिसत होतं.

शेवटी मी बेत केला. भाऊ बहिणीच्या दारावरून तसाच जात नाही, हे तर त्यानंच गावाला सांगितलेलं. मग आला की आत घ्यायचा, फाटक लावायचं आणि सोडायचाच नाही. पुलापर्यंतसुद्धा जाऊ द्यायचं नाही. यांना सांगून ठेवलं, तो आत आला की कडी तुम्ही घाला. हे म्हणाले, "माणूस आहे तो, बैल नाही कोठ्यात कोंडायले." मी म्हटलं, "तुम्ही फक्त कडी घाला, बाकी बोलू नका."

त्या दिवशी धुकं असं, की रस्त्यापलीकडचा विजेचा खांब दिसेना. आधी पावलं ऐकू यायची, मग माणूस दिसायचा. पोरं गेली, पोरी गेल्या, नागपूरवाले गेले. बऱ्याच वेळानं निळी टोपी घातलेला दिवाकर दिसला. हळू पळत होता, तोंड उघडं, नजर रस्त्यावर. मी गडवा घेऊन फाटकाबाहेर दोन पावलं पुढे झाले. त्यानं मला पाहिलं. पाहिलं, त्यात शंका नाही. त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि पाय न थांबवता पुढे निघून गेला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागे फाटक सताड उघडं, कडी हातात धरून हे उभे, आणि मी भर रस्त्यात. आधी राग आला, असा राग की गडवा त्याच्या पाठीत फेकावा. मग भीती आली आणि रागाला जागाच उरली नाही.

वाट पाहणं काय असतं ते तेव्हा कळलं. धुक्यातून एकेक जण परत येऊ लागला. मी प्रत्येकाला विचारायची, "निळ्या टोपीवाला पाहिला काय रे?" एक पोरगा पळता पळता म्हणाला, "काकू, औंदा साऱ्याईलेच निळ्या टोप्या वाटल्या." मग काय विचारायचं? शर्ट? तोही साऱ्यांचा सारखाच. जाड भिवया? मग पुलाकडून भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स आली. मी तिथेच खाली बसले. हे धावत आले. "अव, रस्ता मोकळा करायले वाजवून राहिले ते."

"तुम्ही आत पाहिलं काय?"

"नाही."

"मग?"

 ते पुलाच्या दिशेनं पाहत राहिले, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. तिनं माझा उरलासुरला धीर घालवला.

दिवाकर आला तो चालत आला, कमरेवर हात ठेवून. सरळ फाटकातून आत, पायरीवर बसला, गडवा घेतला आणि पाणी प्यायला.  मी त्याच्या पाठीत धपाटा घालायला हात उचलला, मग आतली स्प्रिंग आठवली, आणि तो हात नुसता पाठीवर ठेवला. शर्ट घामानं ओला होता आणि पाठ गरम होती. त्यानं वर न पाहता विचारलं, "जातानी थांबलो असतो, त तू सोडलं असतं काय मले?" मी तिथेच, साऱ्या धावणाऱ्यांच्या देखत, मोठमोठ्यानं रडले. माझं रडणं आटोपेपर्यंत तो बसून राहिला आणि मग उठून उरलेली शर्यत पुरी करायला गेला. कडी कोणी घातली नाही.

त्यानंतर तो दरवर्षी धावला. आमच्यात न बोलता ठरलं, जाताना हात जोडायचे, येताना थांबायचं. त्यानं माझी भीती कमी झाली म्हणाल तर नाही. पूस आला की ती येतेच, आणि फलक लागले की दिवाकरचा फोन येतो, "बाई, आंघोळीचं पाणी तापवून ठेवजो."

या वर्षी फलक लागले, फोन आला नाही. दोन दिवस वाट पाहून मीच केला. तो म्हणाला, "औंदा नाही पळत बाई."

"काहून?"

"असंच."

जन्मभर जे ऐकायला मी कान लावून बसले होते, ते हे वाक्य. गावभर साखर वाटायला हवी होती. यांनीही विचारलं, "झालं ना तुह्या मनासारखं?" आणि मी ताट बाजूला सारलं. हा माणूस स्प्रिंग टाकलेली छाती घेऊन पळाला, आणि आता असंच म्हणून घरी बसतो? काहीतरी आहे आणि मला सांगत नाहीत. सकाळी उठून मी पवनीची बस धरली. अड्याळ येईपर्यंत खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं. बांध्यांत लाखोरी असेल, फुलं असतील, मला काही दिसलं नाही.

दिवाकर अंगणात खाटेवर बसला होता. चांगला दिसत होता, उलट थोडा अंगानं भरलेला. मंदानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्यासमोरच म्हणाली, "डॉक्टरकडं जाऊन आलो बाई. सारं बरोबर आहे मनते. पळा मनते. हेच नाही पळून राहिले." आणि चहा ठेवायला आत गेली.

दिवाकर जमिनीकडे पाहत बोलला. "नहरावर पळून राहिलो होतो. धुकं होतं. अन् एकदम छातीतला ठोका ऐकू आला. म्हणून थांबलो, त आणखी जोरात ऐकू आला. तवापासून तेच ऐकत राहतो बाई. जेवतानी, निजतानी. पाऊल टाकलं की वाटते, आता बंद होते." मग म्हणाला, "नागपूरले नेलं तवा नाही भेलो मी. आता काही नाही, त भेव वाटते."

 लहानपणी बोडीत पहिली उडी याची, साप निघाला तर काठी घेऊन पुढे हा. मला कायम वाटायचं, दोघांच्या वाटणीची भीती देवानं माझ्या एकटीच्याच पदरात टाकली. आणि हा माझा भाऊ खाटेवर बसून स्वतःच्या छातीला कान लावतो आहे. मला त्याची इतकी दया आली, की माझी भीती क्षणभर बाजूला राहिली.

"बाई," त्यानं विचारलं, "तुले येवढं साऱ्याचं भेव वाटते, त तू जगते कशी?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. चेष्टा सगळ्यांनी केली. मी म्हटलं, "भेव जात नाही रे. ते घरातच राहते. आपण कणीक मळायची. फोन वाजला की धस्स होते, अन् फोन उचलायचाच. तू पळायले लागला की माह्ये हातपाय गळतात, पण लाडू वळणं कधी राहिलं काय?" तो ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकत होता.

मी मुक्कामाला राहिले. सकाळी त्याला म्हटलं, चल, नहरावर जाऊ. मंदा दारात उभी राहून पाहत राहिली. नहराला पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता आणि पाणी दिसत नव्हतं. दिवाकरनं बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. उभा राहिला. पाऊल उचलेना.

"मले काही झालं त?"

मी काही बोलले नसते, नुसती घराकडे वळले असते, तरी तो माझ्यामागे आला असता. मग पुन्हा कधी धावला नसता, आणि माझे उरलेले सगळे पूस सुखात गेले असते. इतकं सोपं होतं ते, की मला मोह झाला. पण काल खाटेवर बसलेला तो माणूस मला भाऊ म्हणून नको होता. भिणारी मी एकटी पुरे आहे.

"भेवाचं मी पाहीन," मी म्हटलं. "तू पळ."

तो निघाला. चार पावलांत अर्धा दिसेनासा झाला, मग पुरता. पावलं ऐकू येत राहिली. मग तीही थांबली. तो धुक्यात कुठेतरी उभा होता, हे मला कळलं, आणि काय ऐकत होता तेही कळलं.  त्याच्या छातीत कळ आली तेव्हापासून मी त्याला एकच शब्द सांगत आले, थांब. तीच मी त्या पांढऱ्या धुक्याकडे तोंड करून, असेल नसेल तेवढा आवाज काढून म्हणाले, "थांबू नको रे बापू."

काही वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग पावलं पुन्हा सुरू झाली, दूर दूर जाणारी, आणि मी शाल तोंडात धरून ती ऐकत उभी राहिले.